गोळी हातात, भीती मनात : एचआयव्हीसह जगणाऱ्या रुग्णांमधील आघातोत्तर ताणविकार व त्यावरील उपचार

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराविषयी अभ्यासलेख देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा जो विषय आम्ही निवडला आहे, तो शरीराच्या आजारापासून सुरू होऊन मनाच्या आजारापर्यंत पोहोचणारा आहे. या दोहोंची गाठ कशी पडते हे समजण्यास आम्हांला स्वतःलाच बराच काळ लागला. त्या अवधीत आमच्या हातून काही चुकाही झाल्या. त्या चुकांसह हा अभ्यास सभासद, हितचिंतक आणि वैद्यकीय व्यवसायातील स्नेही यांच्यासमोर ठेवत आहोत.

विषयाची सुरुवात एका कोड्यातून झाली. एचआयव्हीवरील औषधे शासकीय एआरटी केंद्रातून मोफत मिळतात. ती गुणकारी आहेत. बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी एकच गोळी घ्यावी लागते. असे असूनही काही रुग्ण वर्षानुवर्षे नियमित औषध घेतल्यानंतर अचानक ते सोडतात, तपासणीच्या तारखा चुकवतात आणि मग न्यूमोनिया किंवा क्षयरोग घेऊन आमच्या कक्षात दाखल होतात. अशा रुग्णांच्या कागदांवर ‘अनियमित’ असा शेरा मारला जातो. आम्हीही तो मारत आलो. त्या एका शब्दामागे काय दडलेले असते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे ‘नॅको’ची, स्थापना झाली. परंतु शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला तो १ एप्रिल २००४ पासून. मधल्या वर्षांत ज्यांना या आजाराचे निदान झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला उपचार आले नाहीत. निदान मात्र आले, आणि निदानाबरोबर बहिष्कारही आला. महाराष्ट्राने त्या काळाची झळ विशेष सोसली. ट्रकचालक, ऊसतोड कामगार, शहरांत एकटे राहणारे मजूर आणि त्यांच्या गावी राहिलेल्या पत्नी अशा हजारो कुटुंबांनी तो काळ पाहिला आहे.

आज चित्र पालटले आहे. २०१७ पासून सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आपल्या देशाने स्वीकारले. नियमित औषध घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. थोडक्यात, एचआयव्ही हा आता दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. परंतु ज्यांनी आधीचा काळ अनुभवला, त्यांच्या मनातील घड्याळ अनेकदा त्या काळातच थांबलेले असते.

आघातोत्तर ताणविकार म्हणजे काय ?

जीव धोक्यात आणणारी, गंभीर इजा करणारी किंवा लैंगिक अत्याचाराची घटना ज्याच्यावर ओढवते, अथवा जो ती डोळ्यांनी पाहतो, त्याला पुढे काही दिवस भीती, निद्रानाश, दचकणे असा त्रास होणे स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो हळूहळू ओसरतो. काहींच्या बाबतीत मात्र महिना उलटला, वर्षे उलटली, तरी तो ओसरत नाही. या अवस्थेला आघातोत्तर ताणविकार, किंवा इंग्रजी आद्याक्षरांनुसार ‘पीटीएसडी’, असे म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत या नावाने तो १९८० मध्ये प्रथम नोंदवला गेला. आपल्याकडील वाचकांना १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवत असेल. घर पुन्हा बांधून झाल्यावरही छताखाली झोपण्याचा धीर न होणारा माणूस नजरेसमोर आणला, तर या विकाराचे स्वरूप व्याख्येवाचून ध्यानात येईल.

त्याची लक्षणे साधारणपणे चार गटांत विभागता येतात. पहिला गट घटना पुन्हा पुन्हा अनुभवास येण्याचा : दुःस्वप्ने पडणे, जागेपणी ते दृश्य डोळ्यांपुढे उभे राहणे, एखाद्या वासाने वा आवाजाने घाम फुटणे. दुसरा गट टाळाटाळीचा : त्या घटनेची आठवण करून देणारी जागा, माणसे, वस्तू आणि विचार यांपासून दूर पळणे. तिसरा गट विचार व भावना काळवंडण्याचा : ‘दोष माझाच’, ‘कोणावर विश्वास ठेवण्यासारखे जग नाही’ असे वाटणे, आनंदाची जाणीव बोथट होणे. चौथा गट सततच्या सावधपणाचा : झोप न लागणे, चटकन संताप येणे, लहानशा आवाजाने दचकणे. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत याच विकाराचा एक गुंतागुंतीचा प्रकारही स्वतंत्रपणे मान्य झाला आहे. दीर्घकाळ व वारंवार अत्याचार सोसलेल्या व्यक्तींत तो दिसतो. भावनांवरचा ताबा सुटणे, स्वतःविषयी तीव्र तिरस्कार वाटणे आणि नाती टिकवता न येणे ही त्याची जादा लक्षणे होत.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. ‘तुम्हांला एचआयव्ही आहे’ हे शब्द ऐकणे हाच आघात मानावा काय ? १९९४ च्या अमेरिकन निदानसूचीने प्राणघातक आजाराचे निदान कळणे हे आघातकारक घटनांत गणले होते. २०१३ च्या आवृत्तीने ही व्याख्या आवळली. केवळ निदान कळण्याने झालेल्या धक्क्याला आता सरसकट हे नाव दिले जात नाही. शोक, नैराश्य, समायोजनाचा ताण यांचे उपचार वेगळे असल्याने हा भेद उपयुक्त आहे. परंतु रुग्णांशी बोलताना आमच्या असे ध्यानात आले की, निदानाच्या मागे-पुढे प्रत्यक्ष हिंसा घडलेली असते आणि रुग्ण ती वेगळी काढून सांगत नाही. ‘रिपोर्ट आला तेव्हापासून असे होते’ एवढेच तो म्हणतो. रिपोर्ट आला त्या रात्री घरात काय घडले, हे विचारावे लागते.

दोन आजारांची गुंतवळ

आघात आणि एचआयव्ही यांचा संबंध तीन बाजूंनी येतो. काही जणांच्या बाबतीत आघात आधीचा असतो. बालपणीचे लैंगिक शोषण, बळजबरी, जोडीदाराची मारहाण यांमुळे माणूस स्वतःचे रक्षण करण्यास दुबळा होतो आणि संसर्गाचा धोका वाढतो. काहींचा आघात निदानाच्या वेळचा असतो, तर काहींचा नंतरचा : घरातून हाकलणे, मुलांची ताटातूट, जोडीदाराचा व अपत्याचा मृत्यू. अनेकांच्या आयुष्यात हे तिन्ही एकापाठोपाठ येतात.

अमेरिकेतील एचआयव्हीबाधित महिलांवर झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३० टक्के महिलांमध्ये आघातोत्तर ताणविकार आढळला आणि ५५ टक्क्यांहून अधिक महिलांनी जोडीदाराकडून हिंसा सोसलेली होती. हे आकडे अमेरिकेचे आहेत व ते आपल्याला जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. तथापि, असा रुग्ण विरळा नसतो एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

उपचारांच्या दृष्टीने सर्वांत घातक लक्षण म्हणजे टाळाटाळ. एचआयव्हीचे औषध रोज घ्यायचे असते. ज्याच्या मनात आजार आणि आघात एकत्र बांधले गेले आहेत, त्याला ती गोळी रोज ठरल्या वेळी त्या घटनेची आठवण देते. गोळी टाळली की आठवण टळते. मनाला तेवढ्यापुरते हायसे वाटते आणि टाळण्याची सवय पक्की होते. इकडे विषाणू वाढू लागतो, कधी औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे मनाच्या संरक्षणासाठी योजलेला उपाय शरीराच्या मुळावर येतो.

एक उदाहरण

पुढील उदाहरणे अनेक रुग्णांच्या अनुभवांतून गुंफलेली आहेत. कोणाचीही ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशीच्या एक शेतमजूर बाई आमच्याकडे न्यूमोनियाने दाखल झाल्या. वर्षानुवर्षे त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. २०२० नंतर त्या ‘अनियमित’ झाल्या होत्या. कारण विचारले की त्या खाली पाहत आणि ‘विसरते’ म्हणत. आमच्या समुपदेशक ताईंनी एकदा निराळाच प्रश्न केला : ‘मावशी, गोळ्यांची बाटली घरात कुठे ठेवता ?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ज्वारीच्या कणगीत. खोल पुरून ठेवते. तिचा आवाज यायला नको.’

पुढची हकीकत अनेक भेटींत, तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. त्यांचे पती ट्रकवर होते. २००३ मध्ये, मोफत औषधे सुरू होण्याआधी, ते गेले. शेवटच्या दिवसांत ज्या रुग्णालयात ते होते, तेथे त्यांच्या खाटेच्या पायाशी लटकणाऱ्या कागदावर लाल शाईने आजाराचे नाव लिहिले होते आणि जेवणाचे ताट पायाने पुढे सरकवले जाई. बाईंचे रक्त त्यांना न सांगता तपासले गेले आणि निकाल सासऱ्यांना व्हरांड्यातच सांगितला गेला. दहावे झाल्यावर त्या रात्री दिराने त्यांना मारहाण केली, अंगावर रॉकेल ओतले आणि हातातली काडेपेटी कानाशी नेऊन खुळखुळवली. तान्ह्या मुलाला घेऊन त्या शेतांतून धावत सुटल्या आणि माहेरी पोहोचल्या. यानंतर सतरा वर्षे त्यांनी मोलमजुरी केली, मुलगा वाढवला आणि या रात्रीविषयी कोणापाशी अवाक्षर काढले नाही.

२०२० च्या साथीत शेजारी करोनाचा रुग्ण सापडला आणि त्यांच्या दारावरही सूचनेचा कागद चिकटवला गेला. लोक अंतरावर उभे राहून पाहत होते. वस्तुतः तो एक साधा खबरदारीचा कागद होता. परंतु त्या रात्री बाटलीतून गोळी काढताना त्यांना काडेपेटी ऐकू आली. त्यानंतर रोज रात्री ऐकू येऊ लागली.

ते रुग्णालय कोणते, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मात्र त्या काळी आमच्या स्वतःच्या कक्षातही खाटांच्या पायाशी तसेच कागद लटकत असत, हे आमच्या जुन्या परिचारिकांना स्वच्छ आठवते. तेव्हा हा दोष परक्याचा म्हणून बाजूला सारण्याची सोय आम्हांला नाही.

निदान कसे करावे ?

या विकाराचा रुग्ण आपणहून मानसिक तक्रार घेऊन येत नाही. झोप लागत नाही, छाती धडधडते, डोके जड राहते, जेवण जात नाही अशा तक्रारी तो सांगतो. म्हणून विचारण्याची पद्धत ठरवून घ्यावी लागते. आघातानंतरच्या लक्षणांची चाचपणी करणारी पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली उपलब्ध आहे. तिने निदान होत नाही, पण कोणाला पुढील तपासणीची गरज आहे हे कळते. प्रश्न एकांतात विचारावेत. नातेवाइकाला प्रेमाने बाहेर बसवावे. ‘अनेकांच्या आयुष्यात भयंकर प्रसंग येऊन गेलेले असतात, तुमच्या बाबतीत तसे काही घडले असेल तर मला तपशील सांगण्याची गरज नाही, फक्त हो की नाही एवढे सांगितले तरी पुरे’, अशी सुरुवात केल्यास रुग्णाचा संकोच कमी होतो असा आमचा अनुभव आहे.

त्याबरोबरच अन्य कारणांचा विचार न विसरता करावा. अलीकडच्या वर्षांपर्यंत पहिल्या फळीच्या उपचारांत असलेल्या इफाव्हिरेन्झ या औषधाने विचित्र व ठसठशीत स्वप्ने, निद्रानाश आणि नैराश्य येऊ शकते. आज सर्वत्र दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राव्हिरनेही काहींची झोप उडते. अशा वेळी गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्याने पुष्कळदा प्रश्न सुटतो. प्रतिकारक क्षयरोगावरील सायक्लोसेरिनमुळे मनोविकाराची लक्षणे दिसू शकतात. मेंदूतील संसर्ग, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि दारू यांचीही शहानिशा करावी. दुःस्वप्न औषधाचे की आठवणीचे, हे ठरवण्याची एक साधी खूण आहे. औषधाची स्वप्ने बहुधा असंबद्ध असतात, तर आघाताच्या स्वप्नात तीच घटना किंवा तीच भीती पुन्हा पुन्हा येते. अर्थात ही केवळ खूण आहे, कसोटी नव्हे.

उपचारांचे टप्पे

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा नाते जोडणे. आमच्या कामाची आखणी आम्ही याच क्रमाने केली आहे.

पहिला टप्पा सुरक्षिततेचा. मारहाण आजही चालू असेल, तर गतकाळाविषयी बोलण्याआधी ती थांबवण्याची व्यवस्था करावी लागते. आत्महत्येचे विचार, दारू, उपासमार यांचा विचारही येथेच येतो. रुग्णाला श्वास संथ सोडण्याचा सराव आणि घाबरल्यावर वर्तमानात परतण्याची युक्ती शिकवली जाते. पाय जमिनीवर टेकवावेत, आसपासच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, आजचा वार आणि तारीख मोठ्याने म्हणावी. या टप्प्यात औषध चालू ठेवण्यासाठी लहानसहान सोयी कराव्यात. वर सांगितलेल्या बाईंसाठी आमच्या परिचारिकेने केलेला उपाय अगदी घरगुती होता. तिने बाटलीत कापसाचा बोळा घातला. आवाज थांबला आणि त्या रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू झाली. गोळीची वेळही रात्रीची सकाळवर आणली.

दुसरा टप्पा आठवणीला सामोरे जाण्याचा. कापसाच्या बोळ्याने आवाज थांबला, भीती थांबली नाही. भीती टाळून जात नाही. ती सुरक्षित जागी, सोबतीने, थोडी थोडी अनुभवली म्हणजे तिची धार बोथट होते. या तत्त्वावर डॉ. एडना फोआ यांनी विकसित केलेली उपचारपद्धती उभी आहे. तीत साधारण आठ ते पंधरा बैठकांत रुग्ण ती घटना वर्तमानकाळात सांगतो, तिचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो आणि टाळलेल्या निरुपद्रवी गोष्टींकडे पायरीपायरीने परततो. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींवर या पद्धतीची चाचणी अमेरिकेत झाली असून तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या गटात आघाताची लक्षणे लक्षणीयरीत्या कमी झाली. डॉ. पॅट्रिशिया रेसिक यांची दुसरी पद्धत बारा बैठकांची आहे. तीत ‘दोष माझाच’ यासारखे घट्ट बसलेले विचार पुराव्यावर तपासले जातात. डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केली जाणारी ‘ईएमडीआर’ ही तिसरी मान्य पद्धत होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधवर्तन उपचार व ईएमडीआर या दोहोंची शिफारस आहे.

पुस्तकातील पद्धत आपल्या परिस्थितीत बसवताना अडचणी येतात. बाई मुलगा व सुनेसह एका खोलीत राहत आणि सुनेला आजाराची कल्पना नव्हती. घरी ध्वनिमुद्रण ऐकणे अशक्य होते. म्हणून दुपारी रिकामी असणारी व्यायामोपचाराची खोली आम्ही त्यांना ऐकण्यासाठी दिली. मुद्रण रुग्णालयातील यंत्रावरच ठेवले, त्यांच्या मोबाइलवर घेतले नाही. सुमारे पाच महिन्यांनी एका बैठकीत मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या संमतीने बाटलीतील कापूस बाहेर काढला. बाईंनी बाटली स्वतःच्या हाताने हलवली. पहिल्या वेळी त्या उठून दाराशी गेल्या. दहाव्या वेळी म्हणाल्या, ‘गोळ्याच आहेत.’ त्यानंतरच्या तपासणीत विषाणूंचे प्रमाण पुन्हा मोजता न येण्याइतके खाली आले. रॉकेलचा वास आला की त्या आजही बाजूला होतात. तो त्रास संपूर्ण गेलेला नाही. पण कणगीत आता फक्त ज्वारी असते.

तिसरा टप्पा नाती जोडण्याचा. आघात माणसाला एकाकी करतो आणि एचआयव्हीचा कलंक त्या एकाकीपणावर कुलूप घालतो. त्यामुळे समदुःखी व्यक्तींचा गट येथे फार उपयोगी पडतो. बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या एचआयव्हीबाधित प्रौढांसाठी डॉ. कॅथलीन सिकेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क येथे गटोपचाराची एक पद्धत तयार केली. तिच्यामुळे आघाताची लक्षणे आणि असुरक्षित संबंधांचे प्रमाण ही दोन्ही कमी झाल्याचे आढळले. पुढे तीच दिशा धरून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथेही काम झाले. आपल्याकडे अशा गटात बसणाऱ्यांना गावात एकमेकांस ओळख न दाखवण्याचे वचन प्रथम घ्यावे लागते, हे येथे नमूद करतो.

औषधांविषयी

समुपदेशन शक्य नसेल, पुरेसे पडत नसेल किंवा जोडीला तीव्र नैराश्य असेल, तर औषधांचा आधार घ्यावा. सर्ट्रालिन व पॅरॉक्सेटिन ही या विकारात प्रचलित औषधे आहेत. ती लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ वा अस्वस्थता वाटते आणि अनेक रुग्ण नेमके तेव्हाच औषध सोडतात, म्हणून ही कल्पना आधीच द्यावी.

एचआयव्हीच्या औषधांशी होणारी देवाणघेवाण तपासल्याशिवाय मनोविकाराचे कोणतेही औषध लिहू नये. दुसऱ्या फळीच्या उपचारांतील रिटोनाव्हिर काही झोपेच्या औषधांची रक्तातील पातळी धोकादायक प्रमाणात वाढवते. फिट्सवर व मनोविकारांत वापरले जाणारे कार्बामाझेपिन डोल्युटेग्राव्हिरची पातळी खाली आणते. घबराटीसाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या बेन्झोडायझेपिन वर्गातील गोळ्यांनी हा विकार बरा होत नाही, उलट त्यांची सवय जडते. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या पिशवीत अशा गोळ्या कैक महिन्यांपासून असतात. त्या एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवाव्या लागतात.

आमची चूक

दुसरे उदाहरण यशाचे नाही. तिशीतील एक ट्रकचालक झोप येत नाही म्हणून आले. लहानपणी ढाब्यावर काम करताना त्यांच्यावर अत्याचार झाला होता, एवढे त्यांनी पहिल्या भेटीत सांगितले. सांगताना त्यांनी दाराकडे दोनदा पाहिले होते, हे आमच्या नोंदीत आहे. आम्हांला उत्साह होता. दुसऱ्याच भेटीत, एक प्रशिक्षणार्थी समोर बसलेला असताना, आम्ही त्यांना सारा प्रसंग सविस्तर सांगण्यास सुचवले. ते अर्धे बोलले, उठले आणि ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून गेले. ते परत आले नाहीत. दिलेला भ्रमणध्वनी बंद होता. एआरटी केंद्राकडेही ते पुन्हा फिरकले नाहीत असे कळले. त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या विभागात आजही निघतो.

या प्रसंगानंतर आम्ही तीन नियम केले. पहिला, रुग्णाने शांत होण्याची युक्ती आत्मसात केल्याशिवाय घटनेचा तपशील विचारायचा नाही. दुसरा, रुग्णाच्या स्पष्ट परवानगीवाचून खोलीत तिसरे माणूस नसेल. तिसरा, बैठक कधीही थांबवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे, हे प्रत्येक वेळी आरंभीच सांगायचे. पुरुष रुग्णांवरही लैंगिक अत्याचार झालेला असू शकतो आणि ते सांगण्यासाठी त्यांच्यापाशी शब्दही नसतात, हा धडाही आम्ही त्यांच्याकडूनच घेतला.

जन्मतः संसर्ग झालेली मुले

आईकडून संसर्ग झालेली मुले आज तरुण झाली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी आईवडिलांचे मरण पाहिले, नातेवाइकांच्या घरी वेगळे ताट पाहिले. ‘ताकदीची गोळी’ म्हणून जे औषध ते घेत होते त्याचे खरे नाव एकाला शाळेच्या वयात स्वतःच्याच फाइलवर वाचावे लागले. तो फाइल फाडून घरी गेला आणि वर्षभर कोणाशी बोलला नाही. तेव्हापासून मुलांना आजाराची माहिती वयानुसार, टप्प्याटप्प्याने आणि पालकांच्या सोबतीने देण्यावर आमचा भर आहे. सत्य लपवले तर ते कधीतरी चुकीच्या ठिकाणी आणि एकट्याला सापडते.

रुग्णालयाने स्वतःला लावावयाची शिस्त

आघात झालेल्या माणसावर उपचार करणाऱ्या जागेनेच नवा आघात करू नये, ही पहिली अट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करणे, रुग्णाची गोपनीयता भंग करणे आणि उपचारांत भेदभाव करणे यांना त्याने मनाई केली आहे. पण कायद्याचा कागद भिंतीवर लावून काम भागत नाही. आमच्याकडे आता खाटेच्या पायाशी आजाराचे नाव नसते. सर्व रुग्णांच्या रक्ताबाबत सारखीच खबरदारी घेतली जाते, त्यामुळे कोणाला वेगळी खूण करण्याची गरज राहत नाही. निकाल बंद दाराआड व रुग्णालाच सांगितला जातो. शिपाई, सफाई कर्मचारी व खिडकीवरील कारकून यांनाही प्रशिक्षण दिले जाते, कारण रुग्णाला पहिले भेटतात ते तेच. आमच्या कर्मचाऱ्यांनाही अशा कथा ऐकून त्रास होतो. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा आपसांत बोलण्याची बैठक ठेवली आहे.

कुटुंबीयांसाठी थोडेसे

आपल्या घरातील रुग्ण औषध टाळत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी काय आठवते, कशाची भीती वाटते, हे हळुवारपणे विचारावे. सांगायचे नसेल तर आग्रह करू नये. ‘झाले गेले विसर’ हा सल्ला देऊ नये. विसरता आले असते तर तो कधीच विसरला असता. रात्री दचकून उठल्यास दिवा लावावा, नावाने हाक मारावी, तो कोठे आहे ते सांगावे, परवानगीवाचून अंगाला हात लावू नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आल्यास तत्काळ डॉक्टरांना गाठावे. मानसिक आधारासाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर एचआयव्हीविषयक माहिती व मदत नॅकोच्या १०९७ या क्रमांकावर मिळते.

समारोप

या अभ्यासातून आम्हांला मिळालेला बोध थोडक्यात असा : औषध सोडणारा रुग्ण बेजबाबदार आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तो कशापासून पळतो आहे, हे शोधावे. शोधताना घाई करू नये. आणि त्या शोधात आपल्याच दाराशी येऊन पोहोचण्याची तयारी ठेवावी.

देणगीदारांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या विभागासाठी मोठी यंत्रसामग्री लागली नाही. आपल्या साहाय्यातून आम्ही पूर्वीच्या पडद्याच्या जागी एक भिंत व एक दार बसवले. ते दार आतून बंद करता येते. बाईंनी त्या रात्रीची हकीकत प्रथम सांगितली, ती हे दार बसल्यानंतरच. ‘अनियमित’ हा शेरा आम्ही आता लिहीत नाही. त्या जागी एक ओळ मोकळी सोडतो आणि कारण समजल्यावर ती भरतो.